गोगलगायी, परसातले बटाटे आणि पहिले शील

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण सगळेच वापरतो. वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून आपला कार्यभाग साधणाऱ्या माणसाला ती लावली जाते. गंमत अशी की प्राणिशास्त्रानेही या जीवाला नेमके तेच नाव दिले आहे. मृदुकाय प्राण्यांच्या ज्या वर्गात गोगलगाय मोडते, त्याला 'उदरपाद' म्हणतात. उदर म्हणजे पोट आणि पाद म्हणजे पाय. आपल्या आज्या-पणज्यांनी जे डोळ्यांनी पाहून ठेवले, तेच शास्त्राने मान्य केले आहे.

या पोटात पाय असलेल्या प्राण्याने तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या घरात एक प्रश्न उभा केला. प्रश्न शेतीचा होता आणि धम्माचाही होता. स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा हाच विषय लिहावा असे वाटले. मी शेतीशास्त्राचा पदवीधर नाही, कला शाखेचा आहे. पण बँकेत आकडे मांडण्याची सवय लागलेली असल्यामुळे जे घडले ते वहीत टिपून ठेवले होते. त्याचा उपयोग सभासदांना आणि विद्यार्थ्यांना व्हावा, एवढीच इच्छा आहे.

घडले ते असे

आमचे भोंगवली गाव भोर तालुक्याच्या पूर्व भागात येते. तालुक्याच्या पश्चिमेकडील खोऱ्यांत भाताचा मुसळधार पाऊस पडतो, तसा आमच्याकडे पडत नाही. तरी जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की परसातली माती आठवडा आठवडा वाळत नाही. घरामागे थोडी जागा आहे. तेथे जूनअखेरीस पाच किलो बेणे आणून मी बटाटे लावले. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो, मग आपल्याकडे का होऊ नये, असा माझा हिशेब होता.

कोंब चांगले आले. वीतभर झाले आणि एका सकाळी पानांची चाळण झालेली दिसली. चार-पाच कोंब तर देठासकट गेले होते. मातीवर आणि पानांवर चांदीच्या वर्खासारखे चकचकीत माग उमटले होते. रात्री बॅटरी घेऊन गेलो तर वाफाभर बिनशंखाच्या गोगलगायी! काळपट, चपट्या, करंगळीएवढ्या, पाठीवर मधोमध फिकट रेघ.

आई म्हणाली, "आरं, मिठाची चिमूट टाक, आत्ता इरघळत्यात." तिने टाकलीही. त्या जीवांच्या अंगातून फेस येऊ लागला, ते आखडू लागले. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. त्याच संध्याकाळी विहारातील वर्षावासाचे ग्रंथवाचन ऐकून ती आली होती. ती म्हणाली, "बाबा, आत्ताच तर आपण पंचशील म्हणून आलो ना? मग आजी हे काय करते?"

मला उत्तर देता आले नाही. आईने मात्र दिले. "बटाटं त्यांनी खाल्ल्यावर पोरी तू काय खाशील?" या उत्तरातही तथ्य होते.

दुसऱ्या दिवशी मी एका दुकानातून गोगलगायीच्या विषाच्या गोळ्यांची पुडी आणली. ती कशी वापरायची हे दुकानदाराने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुडीवरचे बारीक अक्षर वाचले नाही. संध्याकाळी मूठ-मूठ गोळ्या वाफ्यात उधळल्या. रात्री शेजारच्या मावशींचा कुत्रा कुंपणाखालून आत आला. पहाटे त्याला झटके येऊ लागले आणि डॉक्टर मिळेपर्यंत तो गेला. मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून मी हा विषय समजून घ्यायला लागलो.

आधी चोर ओळखावा

परसातल्या बटाट्याचे नुकसान झाले की आपण पहिल्या दिसेल त्या जीवावर आळ घेतो. तसे करू नये. प्रत्येकाची खूण वेगळी असते.

गोगलगाय पानाला वेडीवाकडी भोके पाडते आणि जवळपास वाळलेला चकचकीत माग सोडते. ती चावा घेत नाही. तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात आणि नारळ खवावा तशी ती पान खवून खाते. जमिनीतील बटाट्याला तिने पाडलेले भोक बाहेरून लहान दिसते, पण आत चांगली पोकळी झालेली असते.

सकाळी रोप जमिनीलगत तोडल्यासारखे आडवे पडलेले दिसले आणि माग नसला, तर ती देठ कुरतडणारी अळी असते. माती थोडी उकरली की ती वेटोळे करून बसलेली सापडते. बटाट्यावर मोठे, उथळ खड्डे असतील तर हुमणी समजावी. बटाट्याच्या डोळ्यापाशी काळसर विष्ठा साचलेली आणि आत नागमोडी बोगदे असतील, तर ती बटाट्यावरील पाकोळीची अळी. महाराष्ट्रात बटाट्याचा खरा मोठा शत्रू ही पाकोळीच आहे आणि ती साठवलेल्या बटाट्यातही पोखरत राहते. अर्धा बटाटाच गायब असेल तर उंदीर किंवा घूस.

आपण मात्र बहुधा दिसायला किळसवाणी म्हणून गोगलगायीलाच धरतो.

या जीवाची रीत

गोगलगायीच्या अंगात बहुतांश पाणीच असते. बिनशंखाच्या गोगलगायीला तर ते पाणी राखायला शंखही नाही. म्हणून ती ऊन टाळते, रात्री फिरते, आणि दिवसा दगड, विटा, फळ्या, गवत, पालापाचोळा किंवा मातीच्या भेगांत दडून बसते. भेग खोल असेल तर ती थेट बटाट्यापर्यंत पोहोचते. एकाच गोगलगायीत नर आणि मादी अशी दोन्ही इंद्रिये असतात. अंडी मातीत, ओल्या जागी, पुंजक्याने घातलेली असतात. ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसतात.

आमच्या परसातली ही काळी, चपटी जात मूळची आफ्रिकेतली आहे. तिची मोठी बहीण म्हणजे शंखी गोगलगाय. तीही आफ्रिकेचीच. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रज शंखअभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणून बागेत सोडली आणि तेथून ती देशभर पसरली. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत याच शंखी गोगलगायींनी उगवते सोयाबीन फस्त केले. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि शासनाला मदत द्यावी लागली. तेव्हा हा केवळ परसबागेचा किरकोळ प्रश्न नाही. एका माणसाने हौसेने आणलेला जीव पावणेदोनशे वर्षांनी दुसऱ्याच्या पोटावर आला, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. अर्थात बटाटाही आपल्याकडचा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याचे 'बटाटा' हे नावही आपण पोर्तुगीजांकडून घेतलेले.

आणखी एक गोष्ट. गोगलगाय उघड्या हाताने धरू नये. उंदराच्या फुफ्फुसात राहणाऱ्या एका जंताची पिल्ले गोगलगायीच्या अंगात वाढतात. ती माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार होऊ शकतो. परसातील कोथिंबीर, मेथी, कोबी ही भाजी नीट धुऊनच खावी आणि लहान मुलांना या जीवांशी खेळू देऊ नये.

मीठ, राख आणि विष

मिठाने गोगलगाय मरते, हे खरे. मीठ तिच्या अंगातले पाणी ओढून घेते. परंतु तेच मीठ पावसाने मातीत उतरते आणि मातीचा कस बिघडवते. आज दहा गोगलगायी मेल्या तरी पुढच्या वर्षी बटाट्याला खारी माती मिळते. शिवाय तो मृत्यू अत्यंत यातनेचा दिसतो. मीठ टाकूच नये.

कोरडी राख आणि चुना यांच्या पट्ट्यावरून गोगलगाय सहसा जात नाही. पण पावसाची एक सर आली की पट्टा निकामी होतो. अंड्याच्या टरफलांचा चुरा, खरखरीत वाळू, तांब्याची पट्टी असे उपायही सांगितले जातात. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये असे काही घरगुती अडथळे सॅलडच्या रोपांभोवती ठेवून तपासले, तेव्हा त्यांनी नुकसान कमी झालेले दिसले नाही. कोणी खात्रीने सांगतो म्हणून उपाय खरा ठरत नाही. तपासून पाहावे आणि मग स्वीकारावे, ही तर तथागतांचीच शिकवण आहे.

विषाच्या गोळ्यांत बहुधा मेटाल्डिहाईड हे औषध असते. मोठ्या शेतात प्रादुर्भाव हाताबाहेर गेला तर कृषी विभागही ते सुचवतो. पण गोळ्यांत कोंड्यासारखे खाद्य मिसळलेले असल्यामुळे कुत्री आणि कोंबड्याही त्या खातात. या विषावर नेमका उतारा नाही. जनावराला वेळ न घालवता पशुवैद्याकडे नेणे, एवढेच हाती असते. पक्षी आणि इतर प्राणी यांना धोका म्हणून ब्रिटनने मार्च 2022 नंतर त्याचा उघड्यावरील वापर बंद केला. घरामागच्या चार वाफ्यांसाठी, जिथे मुले, कुत्री आणि कोंबड्या फिरतात, ते आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मला फार महागात पडून झाले आहे.

इच्छा आणि गरज

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

अहिंसा म्हणजे कोणत्याही परिस्थितीत कोणताही जीव मारायचा नाही, असा एक समज आहे. तो खरा मानला तर शेतकऱ्याला नांगरही धरता येणार नाही. भगवान बुद्धांनी जमीन खणण्याची आणि झाडे तोडण्याची मनाई केली ती भिक्खूंना. उपासकांना त्यांनी शेती सोडायला सांगितले नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा अर्थ उलगडून दाखवला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. केवळ इच्छेपोटी होणारी हत्या बुद्धांना अमान्य होती, असे ते सांगतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नाही. तत्त्व पाळणाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतः विचार करावा लागतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे.

हे वाचल्यावर मला प्रथम सुटल्यासारखे वाटले. बटाटे वाचवण्याची 'गरज' होती, म्हणजे आपण निर्दोष! पण नंतर लक्षात आले की ही सूट नसून जबाबदारी आहे. गरज आहे असे म्हणण्याआधी दुसरा मार्ग नव्हता, हे स्वतःला दाखवून द्यावे लागते. मी काय केले होते? वाफ्याशेजारचा विटांचा ढीग हलवला नव्हता. गवत काढले नव्हते. एकही गोगलगाय वेचली नव्हती. पहिल्याच रात्री मीठ आणि दुसऱ्याच दिवशी विष! त्यात गरजेपेक्षा किळस आणि राग अधिक होता, म्हणजे इच्छाच होती.

आणि तो कुत्रा? त्याला मारण्याची माझी इच्छाही नव्हती आणि गरजही नव्हती. पाली अट्ठकथांनी प्राणिहत्येची पाच अंगे सांगितली आहेत: जीव असणे, तो जीव आहे हे ठाऊक असणे, मारण्याचा हेतू, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि त्यातून झालेला मृत्यू. हेतूच नव्हता म्हणून या हिशेबाने ती हत्या ठरत नाही. पण धम्मात 'अप्पमाद' नावाची आणखी एक गोष्ट आहे. अप्पमाद म्हणजे सावधपणा, गाफील न राहणे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना शेवटी सांगितले ते हेच. पुडीवरची चार ओळींची सूचना न वाचणे हा प्रमाद होता आणि तो माझा होता.

उपायांचा क्रम

त्या पावसाळ्यात उरलेल्या पिकासाठी मी जे केले, ते क्रमाने देतो. यात शोध काहीच नाही. कृषी खाते आणि अनुभवी शेतकरी हेच सांगतात. महत्त्व क्रमाला आहे.

1. आसरा काढणे. वाफ्याच्या आजूबाजूचे गवत, दगड, विटा, फळ्या आणि कुजका पाला हलवावा. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. पाणी द्यायचे तर सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत वरची माती सुकते.

2. मातीची भर. बटाटा सरी-वरंब्यावर लावावा आणि झाडे वाढतील तशी बुंध्याला मातीची भर द्यावी. भेगा बुजतात, त्यामुळे गोगलगाय आणि पाकोळी दोघींचीही वाट बंद होते. बटाटे उघडे पडून हिरवेही होत नाहीत. हिरवा बटाटा खाण्यास घातक असतो.

3. वेचणी. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्याच्या कडेला अंथरावे. रात्री गोगलगायी त्याखाली जमतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी हातमोजे घालून किंवा चिमट्याने त्या वेचाव्यात. माझ्या वहीत पहिल्या सकाळचा आकडा त्रेचाळीस आहे, पाचव्या सकाळचा एकोणीस, दहाव्या सकाळचा सहा.

4. मित्र जपणे. भारद्वाज पक्षी गोगलगायी खातो. बेडूक खातात. काजव्याच्या अळ्यांचे तर गोगलगायी हेच मुख्य अन्न. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मृगाच्या आगेमागे झाडे काजव्यांनी लखलखतात, ती त्यांच्या अळ्यांना खाणे मिळाले म्हणूनच. कीटकनाशकांचे सरसकट फवारे आणि रात्रभर जळणारे दिवे या मित्रांना घालवतात. घरची कोंबडी सकाळी थोडा वेळ वाफ्याच्या कडेने सोडली तरी बरेच काम होते. पण कोवळ्या कोंबांवर तिलाही सोडू नये.

5. वेळेवर काढणी. पाला पिवळा पडला की बटाटे ओल्या जमिनीत ठेवू नयेत. जेवढे दिवस राहतील तेवढे भोकांचे प्रमाण वाढते.

6. उन्हाळी खणणी. एप्रिल-मे महिन्यांत वाफा खोल खणून माती तापू द्यावी. दडलेल्या गोगलगायी व अंडी उन्हात येतात आणि पुढच्या पावसाळ्याचा भार हलका होतो.

वेचलेल्या गोगलगायींचे काय करावे? हा खरा अवघड प्रश्न. दुसऱ्याच्या शेताजवळ सोडून येणे म्हणजे आपले संकट शेजाऱ्याच्या माथी मारणे. ती करुणा नव्हे. थोड्या असतील तर मी त्या लांबच्या, झाकलेल्या खतखड्ड्यात टाकतो. तेथे त्या कुजका पाला खातात. शंखी गोगलगाय मात्र सापडली तर ती सोडू नये. ती एका वेळी शंभराहूनही अधिक अंडी घालते आणि साऱ्या गावाच्या पिकावर येते. ती साबणाच्या दाट पाण्यात बुडवावी, असे कृषी विभाग सांगतो. तेथे मी गरज मान्य करतो. आनंदाने करीत नाही.

वर्षावास संपल्यावर

एवढे करूनही त्या पावसाळ्यात पाच किलो बेण्याला जेमतेम अकरा किलो बटाटे निघाले आणि त्यातले चार किलो पोखरलेले होते. वही समोर ठेवून विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि या लेखाचे सार तेच आहे.

वर्षावासाची प्रथा कशी सुरू झाली, हे विनयपिटकात आले आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरत, त्यांच्या पायाखाली हिरवे अंकुर आणि असंख्य बारीक जीव तुडवले जात. लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवंतांनी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे पावसाळा हा त्या लहान जीवांचा काळ आहे, ही जाण अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. गोगलगायींचाही नेमका हाच काळ. आणि मी माझे बटाटे बरोबर त्याच तीन महिन्यांत त्यांच्या पुढ्यात वाढून ठेवले होते!

सातगाव पठाराची गोष्ट वेगळी आहे. तेथे पठारावरची थंड हवा आहे आणि पावसाळी बटाट्याचा जुना अनुभव आहे. आपल्या भागात रब्बीचा बटाटा सोयीचा. बटाटा पोसायला रात्रीचा गारवा लागतो आणि तो नोव्हेंबर-डिसेंबरात मिळतो. वरची माती तोवर कोरडी पडू लागते आणि गोगलगायी आपोआप दडी मारतात. त्यामुळे पुढच्या वर्षी आश्विन पौर्णिमा झाली, वर्षावासाची सांगता झाली आणि मग आठ-दहा दिवसांनी मी तेवढेच पाच किलो बेणे लावले. विहिरीचे पाणी बेताने दिले. फेब्रुवारीत काढणी केली तेव्हा बत्तीस किलो बटाटे निघाले. भोक पडलेले मोजून सात. मीठ नाही, विष नाही, आणि वेचायला गोगलगायीही जवळजवळ नाहीत.

ज्यांच्याकडे हिवाळ्यात पाणी नाही, त्यांना पावसाळ्यातच लावावे लागेल. त्यांनी वरचा क्रम पाळावा. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी तारीख बदलून पाहावी. कित्येक वेळा हिंसा टाळण्यासाठी मोठा त्याग करावा लागत नाही, पंचांग बघावे लागते.

मुलगी आता अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. गेल्या वर्षावासात तिने विहारातल्या मुलांना गोणपाट कसे अंथरायचे ते दाखवले. आईही आता मिठाचा डबा परसात नेत नाही. मावशींकडे नवे पिल्लू आले आहे. ते आमच्या कुंपणाखालून येते तेव्हा मी त्याला हाकलत नाही. येताना मात्र प्रत्येक वेळी वाफ्याकडे एक नजर टाकतो.

सर्व सभासद आणि विद्यार्थी मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. पंचशील विहारात म्हणावे आणि परसातही आठवावे. तेथे ते सोपे नसते, म्हणूनच त्याची खरी परीक्षा तेथे होते.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!